चष्म्याचा नंबर व लेसर शस्त्रक्रिया : निर्णयापूर्वी हे जाणून घ्या

डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यास पारपटल अथवा कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. लेसरने त्याच्या वक्रतेत सूक्ष्म बदल केल्यास प्रकाशकिरण दृष्टिपटलावर नेमके केंद्रित होतात व चष्म्याची गरज कमी होते. मात्र काढलेला भाग पुन्हा भरून येत नाही.

प्रमुख पद्धती

• पीआरके : पारपटलाचा सर्वांत वरचा थर दूर करून लेसर दिला जातो. पहिले काही दिवस वेदना होतात. दृष्टी स्थिरावण्यास काही आठवडे लागतात.

• लॅसिक : पातळ पापुद्रा उचलून त्याखाली लेसर दिला जातो व पापुद्रा पूर्ववत बसवला जातो. दृष्टी बहुधा एक-दोन दिवसांत सुधारते. डोळ्यास जोराचा मार लागल्यास पापुद्रा सरकू शकतो.

• स्माइल : लेसरने आखलेली सूक्ष्म चकती लहान छेदातून काढली जाते, पापुद्रा उचलावा लागत नाही.

शस्त्रक्रिया कोणी टाळावी अथवा पुढे ढकलावी?

• वय १८ वर्षांपेक्षा कमी असल्यास
• गेल्या वर्षभरात नंबर बदलला असल्यास
• गर्भवती व स्तनदा मातांनी
• केरॅटोकोनस, म्हणजे पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा विकार असल्यास. अशा डोळ्यावर लॅसिक केल्यास दृष्टी कायमची अधू होऊ शकते. कुटुंबात हा विकार असल्यास तज्ज्ञांस अवश्य सांगावे.

लक्षात ठेवा

• तपासणीपूर्वी कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस बंद ठेवावी, हे आधी विचारावे.
• शस्त्रक्रियेनंतर काही महिने डोळे कोरडे पडणे व रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे संभवते.
• चाळिशीनंतर वाचनासाठी चष्मा लागू शकतो.
• उणे नंबर मोठा असल्यास दृष्टिपटलाचा धोका शस्त्रक्रियेनंतरही कायम राहतो. नियमित तपासणी सोडू नये.
• सर्व कागदपत्रे जपून ठेवावीत. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाची शक्ती ठरविताना ती उपयोगी पडतात.

विवाह अथवा नोकरभरतीच्या मुदतीसाठी घाई करू नये; भरतीचे नियम आधी पाहावेत. चेन्नईत एग्मोर येथे १८१९ साली स्थापन झालेले शासकीय नेत्र रुग्णालय आहे. तेथे अथवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे प्रथम डोळे तपासून घ्यावेत. ‘शस्त्रक्रिया नको’ असा सल्ला मिळाल्यास तो आपल्या दृष्टीच्या रक्षणासाठीच आहे, असे समजावे.