बनिहालची जुनी वाट

नकाशावर जम्मू आणि श्रीनगर ही दोन शहरे पट्टीने जोडली, तर त्यांच्यामधील अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर भरते. जुन्या रस्त्याने मात्र हेच अंतर सुमारे तीनशे किलोमीटर होते. या दुपटीचे कारण डोंगरांच्या रचनेत आहे. जम्मूच्या सखल प्रदेशातून निघालेला प्रवासी प्रथम पटनीटॉपच्या सुमारे दोन हजार मीटर उंच धारेवर चढे. तेथून तो बटोतमार्गे थेट चिनाबच्या पात्राशी उतरे आणि रामबनला नदी ओलांडून पीर पंजालच्या दुसऱ्या, त्याहूनही अवघड चढणीला लागे. मिळवलेली उंची गमवावयाची आणि पुन्हा मिळवावयाची, असा हा प्रवास होता.

वास्तविक काश्मीर खोऱ्याचे नैसर्गिक द्वार हे नव्हेच. झेलम नदी ज्या घळईतून खोऱ्याबाहेर पडते, त्या बारामुल्लाच्या बाजूने गाडीरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाला होता, आणि रावळपिंडीच्या रेल्वेस्थानकावर उतरलेले प्रवासी त्याच वाटेने श्रीनगरला जात. बनिहालचा रस्ता महाराजा प्रतापसिंह यांच्या कारकिर्दीत बांधला गेला व १९२२ साली तो सर्वांना खुला झाला. ‘बनिहाल कार्ट रोड’ हे त्याचे नावच त्याची मर्यादा सांगते. संस्थानच्या दोन राजधान्यांना जोडणारी ती एक गाडीवाट होती. साऱ्या खोऱ्याचा भार तिने वाहावा, अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

१९४७ च्या ऑक्टोबरात झेलमकाठचा रस्ता बंद झाला आणि ती अपेक्षा एका रात्रीत तिच्यावर येऊन पडली. मीठ, रॉकेल, धान्य, औषधे, सैन्याची रसद असे सर्व काही या एकाच अरुंद वाटेने जाऊ लागले. त्यातही ती बारमाही नव्हती. बनिहालची खिंड २८३२ मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात ती बर्फाने बुजे आणि खोऱ्याचा भूमार्गाने असलेला संबंध तुटे. या अडचणीवर उपाय म्हणून खिंडीच्या खाली, सुमारे २२०० मीटर उंचीवर, डोंगर पोखरण्याचे काम १९५४ मध्ये जर्मन अभियंत्यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या या जवाहर बोगद्याची पहिली नळी २२ डिसेंबर १९५६ रोजी खुली झाली. दुसरी नळी त्यानंतर काही वर्षांत आली. खिंड टळली, परंतु बोगद्याच्या दोन्ही तोंडांपर्यंत जाणारा रस्ता जुनाच राहिला, आणि बर्फ व दरडी त्याच्याच वाट्याला आल्या.

या रस्त्याच्या आठवणी सांगणारे चालक आणि प्रवासी भीतीपेक्षा वाट पाहण्याविषयीच अधिक बोलतात. प्रारंभीच्या काळात एका दिवसात श्रीनगर गाठणे शक्य नसे. कुद, बटोत किंवा बनिहाल येथे मुक्काम पडे आणि प्रवासी वळकट्या घेऊनच बसमध्ये चढत. दोन मोठी वाहने एकमेकांजवळून जाऊ शकणार नाहीत, अशा जागा इतक्या होत्या की, वाहतूक एका वेळी एकाच दिशेने सोडावी लागे. पुढे रस्ता रुंद झाल्यावरही मालमोटारींच्या बाबतीत ही पद्धत दीर्घकाळ चालू राहिली. एक दिवस वर जाणाऱ्यांचा, तर दुसरा खाली येणाऱ्यांचा. चुकून समोरासमोर आलेल्या गाड्यांपैकी एकीला मागे सरकावे लागे. अशा वेळी क्लीनर खाली उतरून कड्याच्या बाजूचे चाक न्याहाळत मागून हाका देई, आणि बसमधील बोलणे आपोआप थांबे. डाव्या हाताला डोंगराची भिंत, उजव्या हाताला शेकडो फूट खाली नदी, आणि या दोहोंमध्ये दगडांचा एखादा बुटका कठडा. तोही सर्वत्र नसे. रामबन ते बनिहाल या टप्प्यात खालच्या घळईत गंजत पडलेले वाहनांचे सांगाडे वरून दिसत. धोक्याच्या कोणत्याही पाटीपेक्षा त्यांचा परिणाम अधिक होत असला पाहिजे.

तथापि अरुंदपणा हे या रस्त्याच्या धोक्याचे अर्धेच कारण होते, आणि ते दूर करणे त्या मानाने सोपे होते. दुसरे कारण डोंगराच्या पोटात आहे. सह्याद्रीच्या घाटांतील कठीण, थरावर थर बसलेल्या काळ्या पाषाणाशी परिचय असलेल्या वाचकाला पीर पंजालच्या या उतारांची कल्पना सहज यावयाची नाही. येथील खडक पाटीच्या दगडासारखे आहेत. ते पापुद्र्यांनी सुटतात. पर्वतनिर्मितीच्या प्रक्रियेत ते दाबले, वाकले व चिरले गेले आहेत. त्यांच्या भेगांत पावसाचे किंवा वितळत्या बर्फाचे पाणी शिरले की, थरांमधील पकड सैल होते. अशा उताराचा पायथा रस्त्यासाठी कापला म्हणजे वरच्या भागाचा आधारच निघून जातो. रस्ता जितका रुंद करावा तितका काप मोठा, आणि काप जितका मोठा तितका डोंगर अस्थिर, असे हे विचित्र गणित आहे. या टप्प्यातील दोन ओढ्यांना चालकांनी दिलेली खूनी नाला व शैतानी नाला ही नावे आज सरकारी कागदपत्रांतही रूढ आहेत. पंथ्याल येथे तर पाऊस नसतानाही वरून दगड सुटत. वाहनांना त्यांपासून वाचविण्यासाठी तेथे रस्त्यावर पोलादी छत उभारावे लागले होते.

या संथ आणि संकटमय रस्त्याने काही गावांना जगविलेही. वाहने थांबत म्हणून कुद येथे मिठाईवाल्यांची रांग उभी राहिली आणि तेथील साजूक तुपातला पतीसा प्रसिद्धीस आला. परतीचा प्रवासी त्याचा डबा घेतल्यावाचून क्वचितच पुढे जाई. चिनाबच्या बाजूला पीराह येथील राजमा-भात, त्यावर सोडलेले तूप आणि सोबत अनारदाण्याची चटणी, ही साऱ्या मार्गावरील मोठी विश्रांती होती. बटोतच्या खानावळींचा व्यवसाय तर मुक्कामाच्या गरजेवरच उभा होता.

२ एप्रिल २०१७ रोजी चेनानी–नाशरी बोगदा खुला झाला. सुमारे नऊ किलोमीटरच्या या बोगद्याने पटनीटॉपची संपूर्ण चढउतार वगळली आणि सुमारे तीस किलोमीटरचा फेरा वाचविला. मुख्य बोगद्याला समांतर असा सुटकेचा दुसरा बोगदा असून, दोहोंना ठरावीक अंतरावर आडवे मार्ग जोडतात. जुन्या रस्त्यावर अडकलेल्या माणसाला अशी पळवाट कधीच नव्हती. मात्र कुद व बटोत या गावांवरून वाहणारा प्रवाह त्याच दिवशी आटला. रहदारीवर पोट असलेल्या दुकानदारांची आणि खानावळवाल्यांची गिऱ्हाइके बोगद्यातून परस्पर निघून गेली. महामार्गाच्या आखणीत प्रवाशांचे वाचलेले तास मोजले जातात, पण अशा गावांचा बुडालेला धंदा कोणत्याही रकान्यात येत नाही, ही त्या हिशेबातील उणीवच मानावी लागेल.

२०२१ मध्ये बनिहाल–काझीगुंड हा साडेआठ किलोमीटरचा दुहेरी बोगदा वाहतुकीस मिळाला. तो जवाहर बोगद्यापेक्षा सुमारे चारशे मीटर खाली असल्याने बर्फाचा त्रास पुष्कळ कमी झाला. मार्च २०२३ मध्ये पंथ्यालचा टप्पाही एका बोगद्याने टाळला गेला. रस्त्याने डोंगराची सैल कातडी सोडून त्याच्या आत शिरावे, हे या बदलाचे सूत्र होय. पण आत शिरण्याची किंमत असते. मे २०२२ मध्ये खूनी नाल्यापाशी बांधकाम चालू असलेल्या बोगद्याच्या तोंडाशी दरड कोसळून दहा मजूर मृत्युमुखी पडले. नावातला नाला अद्याप आपले नाव सार्थ करीत होता.

जेथे रस्ता अजून उघड्यावर आहे, तेथे जुना काळ संपलेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये रामबनजवळ अतिवृष्टीने चिखल आणि दगडांचे लोंढे महामार्गावर आले व तो अनेक दिवस बंद राहिला. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस उधमपूर जिल्ह्यात मार्ग खचला. तो काळ नेमका सफरचंदांच्या तोडणीचा होता. भरलेल्या मालमोटारी रस्त्यावर रांगा लावून उभ्या राहिल्या आणि त्यांतील फळे तेथेच कुजली. वर्षभराची कमाई अशा एका फेरीवर अवलंबून असलेल्या बागाईतदाराला रस्ता चौपदरी आहे की एकपदरी, याने फारसा फरक पडत नाही. तो सप्टेंबरात उघडा आहे की नाही, एवढेच त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या सप्टेंबरात रेल्वेने बडगामहून दिल्लीकडे फळांसाठी खास गाडी सोडली. पीर पंजालखालून आणि चिनाबवरील पुलावरून जाणारा लोहमार्ग त्याच वर्षीच्या जून महिन्यात पूर्ण झाला होता.

जुनी वाट मात्र मोडीत निघालेली नाही. नव्या लांब बोगद्यांतून पेट्रोल, स्फोटके अशा ज्वालाग्राही मालाची वाहने नेण्यास मनाई आहे. म्हणून पटनीटॉपचा घाट अशा वाहनांसाठी राखला गेला आहे, आणि सीमा सडक संघटनेने २०२४ मध्ये जवाहर बोगद्याची दुरुस्ती करून तोही वापरात ठेवला आहे. तेलाचे टँकर आजही कुदच्या मिठाईच्या दुकानांसमोरून वळणे घेत वर चढतात.