स्वयंपाकघरातील रंगद्रव्ये

सुरत ही वस्त्रांची नगरी होय. सतराव्या शतकात सरखेजची नीळ व सुती कापड याच बंदरातून परदेशी जात असे. पुढे १८५६ साली पर्किन या इंग्रज रसायनज्ञाने कृत्रिम रंग शोधला, १८९७ साली जर्मनीतील कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि वनस्पतिजन्य रंगांचा व्यापार मागे पडला. तथापि ती विद्या लोपलेली नाही. तिचे साहित्य आपल्या घरातून रोज केराच्या टोपलीत जाते.

कांद्याच्या कोरड्या सालीपासून पिवळा ते तांबूस रंग मिळतो, डाळिंबाच्या सालीपासून फिका पिवळा, व झेंडूच्या फुलांपासून सोनेरी. हळद व बीट चटकन रंग देतात, परंतु तो उन्हात उडतो. त्यांवर विसंबू नये.

रंग टिकतो तो तुरटीमुळे. तुरटीतील धातू धागा व रंग यांस एकत्र बांधतो. रेशीम व लोकर तुरटी सहज धरतात. सुतास मात्र आधी हिरड्याचा तुरटपणा द्यावा लागतो. रीत अशी :

१. सुती कापड धुण्याच्या सोड्यात उकळून स्वच्छ करावे. खळ राहिल्यास डाग पडतात.
२. शंभर ग्रॅम कापडास वीस ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून त्यात ते रात्रभर भिजवावे व पिळून वाळवावे.
३. पंधरा ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड पुन्हा रात्रभर ठेवावे. नंतर हलके खळबळावे.
४. कापडाच्या वजनाइतक्या कांद्याच्या साली तासभर उकळून पाणी गाळावे. त्यात ओले कापड घालून मंद आचेवर तासभर ठेवावे, सतत हलवावे व त्याच पाण्यात निवू द्यावे.
५. कापड सावलीत वाळवावे.

रंगाचे भांडे निराळे असावे; त्यात पुन्हा अन्न शिजवू नये. डाळिंबाच्या रंगात गंजलेल्या लोखंडाचे थोडे पाणी पडले, तर तोच रंग करडा होतो.

येथे एक सावधगिरी. आज सुरतेत विणले जाणारे बहुतेक कापड कृत्रिम धाग्याचे आहे. पॉलिएस्टरच्या साडीवर सालींचा रंग बसत नाही. श्रम व्यर्थ जातात. जुने सुती धोतर, पंचा अथवा रेशमाचा तुकडा घ्यावा.

आता निर्माल्याविषयी. देवास वाहिलेल्या फुलांचा असा उपयोग करावा काय, अशी शंका काहींच्या मनात येईल. निर्माल्य पायदळी येऊ नये, हा आपल्या घरांतील संस्कार आहे. तापीच्या पात्रात प्लास्टिकच्या पिशवीसह फेकलेल्या फुलांनी तो पाळला जातो, असे आम्हांस वाटत नाही. त्याच झेंडूच्या रंगात जपाची गोमुखी अथवा पोथीचे वेष्टन रंगविले, तर फुलांचा मान राहील. मात्र त्या रंगाचे पायपुसणे करू नये.

सभासद भगिनींनी आजपासून साली वाळवून कापडी पिशवीत साठवाव्यात. शंभर ग्रॅम साली जमण्यास काही आठवडे लागतील. तेवढा धीर धरणे, हाच या विद्येचा पहिला पाठ होय.