नकाशाचे वाचन : सागावनिर्कटोक नदीचे उदाहरण



शब्दाप्रमाणे नकाशाही चिन्हांची व्यवस्था आहे. तो कसा वाचावा, हे आपण उत्तर अलास्कातील सागावनिर्कटोक नदीच्या उदाहरणाने पाहू.

ही नदी ब्रुक्स पर्वतरांगेत उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत ब्यूफोर्ट समुद्रास मिळते. अलास्काच्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशांचे प्रमाण १:६३,३६० होते, म्हणजे एका इंचास एक मैल. त्यांवर निळ्या रंगाने पाणी आणि तपकिरी समोच्च रेषांनी उंचसखलपणा दाखवीत.

आता नकाशाच्या कोपऱ्यातील वर्ष पाहा. या नदीच्या मुखाजवळ, प्रुडो बे येथे, १९६८ साली तेलसाठा सापडला. डाल्टन महामार्ग १९७४ मध्ये बांधला गेला. अलास्कापार तेलवाहिनीतून १९७७ मध्ये तेल वाहू लागले. साहजिकच १९६८ पूर्वीच्या नकाशात या खुणा नाहीत. तो नकाशा खोटा नव्हे. तो आपल्या काळापुरते बोलतो.

नव्या नकाशात तेलवाहिनी एका रेषेने दर्शविली जाते. मात्र निम्म्याहून अधिक अंतर ती खांबांवर उचललेली आहे. उष्ण तेलामुळे वर्षानुवर्षे गोठलेली जमीन वितळून खचू नये, हे त्यामागील कारण. रेषा स्थान सांगते. कारण वाचकाने शोधावयाचे असते.

नदीची रेषा तर अधिकच फसवी आहे. वेणीच्या पेडांप्रमाणे गुंफलेली तिची पात्रे जागा बदलतात. २०१५ च्या वसंतात बर्फावरून पसरलेल्या पाण्यामुळे व त्यानंतरच्या पुरामुळे नदीकाठचा महामार्ग अनेक दिवस बंद ठेवावा लागला.

येथे नावाकडे लक्ष द्या. १९०६ ते १९१४ या काळात अर्नेस्ट लेफिंगवेल यांनी या किनारपट्टीचे सर्वेक्षण केले आणि स्थानिक नावेही नोंदविली. इनुपियाक भाषेतील ‘सागावनिर्कटोक’ या नावाचा अर्थ ‘जोरदार प्रवाह’ असा दिला जातो. व्यवहारात त्याचे ‘सॅग’ असे लघुरूप रूढ झाले. उच्चार सोपा झाला, पण नावातील इशारा लोपला. रेषेने जे सांगितले नाही, ते त्या नावात होते.

सारांश : नकाशाचे वर्ष, प्रमाण, चिन्हे आणि नावे यांचे वाचन एकत्रितपणे करावे.

स्वाध्याय : आपल्या परिसराच्या स्थलनिर्देशक नकाशातील एका ओढ्याचे नाव निवडा. वडीलधाऱ्यांना त्याचा अर्थ विचारा आणि तो अर्थ नकाशातील कोणत्या चिन्हातून व्यक्त होतो वा होत नाही, ते दहा ओळींत लिहा.