टोरंट : वापरण्याआधी एवढे कळायला हवे

टोरंट म्हणजे मोठी फाइल एकाच ठिकाणाहून न उतरवता, ती ज्यांच्याकडे आधीच आहे अशा अनेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी गोळा करण्याची पद्धत. ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने २००१ मध्ये ती बिटटोरंट या नावाने आणली. नेहमीच्या डाउनलोडमध्ये मागणारे वाढले की सर्व्हर दमतो आणि सगळ्यांचाच वेग पडतो. टोरंटमध्ये मागणारा प्रत्येक जण मिळालेले तुकडे लगेच दुसऱ्याला देऊ लागतो, त्यामुळे गर्दी वाढली तरी काम अडत नाही.

पूर्ण फाइल असलेला आणि ती देत राहणारा तो सीडर. ज्याची फाइल अजून भरायची आहे तो लीचर. एका फाइलभोवती जमलेल्या या सगळ्यांना मिळून स्वार्म म्हणतात. कोण कोण जमले आहे हे ट्रॅकर नावाचा सर्व्हर सांगतो, आणि ट्रॅकर बंद पडला तरी हल्लीची सॉफ्टवेअर एकमेकांना विचारून वाट काढतात. पेरणीच्या दिवसांत शेतकरी जशी सावड करतात, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, तसाच हा व्यवहार आहे. सॉफ्टवेअर दर दहा सेकंदांनी कोण आपल्याला किती देतो ते पाहते आणि देणाऱ्याला आधी देते. नव्याने आलेल्याकडे द्यायला काहीच नसते, म्हणून दर तीस सेकंदांनी एखाद्याला परतफेडीशिवायही संधी मिळते. स्वार्ममध्ये जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे तो आधी घेतला जातो, म्हणजे एखादा सीडर अचानक निघून गेला तरी फाइल अर्धवट अडकण्याची शक्यता कमी होते.

या रचनेचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे तपासणी. छोट्या टोरंट फाइलमध्ये मूळ फाइलच्या प्रत्येक तुकड्याचा वीस बाइटांचा ठसा नोंदलेला असतो. त्याला हॅश म्हणतात. सातशे एमबीची फाइल एकेक एमबीच्या तुकड्यांत असेल तर असे सातशे ठसे. आलेला तुकडा ठशाशी जुळला नाही तर सॉफ्टवेअर तो टाकून देते आणि पुन्हा मागवते. मॅग्नेट लिंकमध्ये तर टोरंट फाइलही लागत नाही. संपूर्ण टोरंटची ओळख पटवणारा एकच ठसा तिच्यात असतो, बाकीची माहिती स्वार्मकडून मिळते. गावाकडे भारनियमनात मध्येच लाइट गेली तरी याच तपासणीमुळे नुकसान होत नाही. संगणक पुन्हा सुरू झाला की चांगले तुकडे राहतात आणि फक्त उरलेले येतात.

मात्र ही तपासणी नेमके काय सिद्ध करते, हे नवशिक्याला कोणी सांगत नाही. टोरंट बनवणाऱ्याने जे ठेवले तेच, बाइटही न बदलता, आपल्यापर्यंत आले, एवढेच ती सिद्ध करते. त्याने जे ठेवले ते प्रामाणिक होते की नाही याच्याशी तिचा काही संबंध नाही. विष घातलेली फाइलही शंभर टक्के तपासून, हिरव्या खुणेसह येते. संगणक दुरुस्त करणारे काही जण याच अज्ञानावर पैसे कमावतात.

वसमतमध्ये लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका स्टुडिओत नेमके हेच घडले. हा स्टुडिओ प्रस्तुत लेखकाच्याच घरचा आहे. संगणक जोडून देणाऱ्याने फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचे वेगळे पैसे घेतले होते. ‘सगळं ओरिजिनल टाकून देतो’ हे त्याचे शब्द, आणि बिलावर ‘सॉफ्टवेअरसह’ अशी नोंद. पुढे अपडेट करायचे म्हणून त्याने संगणक दुकानात नेला. संगणक परत आला आणि ऐन लग्नसराईत एका सकाळी प्रत्येक फोटोच्या नावापुढे चार अक्षरांची अनोळखी शेपटी लागलेली दिसली. एकही फोटो उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक फाइल होती: फाइल परत हव्या असतील तर ९८० डॉलर, बहात्तर तासांत संपर्क केल्यास ४९०. ही स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाच्या खंडणी-व्हायरसची ठरलेली चिठ्ठी. क्रॅक केलेल्या, म्हणजे लायसन्सचे कुलूप तोडलेल्या, सॉफ्टवेअरमधून पसरणे हीच त्याची मुख्य वाट आहे.

त्या माणसाचे उत्तर तयार होते: ‘भाऊ, तुम्हीच कुठं तरी क्लिक केलं असंल.’ पण त्याचा खोटेपणा संगणकातच लिहिलेला होता. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये टोरंट फाइल होती, शेजारी क्रॅक होता, आणि त्यांची तारीख-वेळ संगणक त्याच्या दुकानात असतानाची होती. त्याहून स्पष्ट पुरावा विंडोज सिक्युरिटीत सापडला. तिथल्या ‘एक्स्क्लूजन’ यादीत, म्हणजे अँटिव्हायरसने ज्याकडे पाहू नये अशा जागांच्या यादीत, तोच फोल्डर हाताने घातलेला होता. अँटिव्हायरसने धोका ओळखला होता आणि या माणसाने पैसे घेऊन त्याचे डोळे झाकले होते. ही यादी पाहायला मिनिटभर लागते. दुरुस्तीहून आलेल्या प्रत्येक संगणकावर ती आधी उघडून पाहावी. ती रिकामी नसेल तर कारण विचारावे, आणि उत्तर गोलमोल आले तर तो संगणक कामाला लावू नये.

त्याने यापुढे जे केले ते अधिक संतापजनक होते. ‘फॉरमॅट मारावाच लागंल, इलाज नाही’ असे ठासून सांगून त्याने डिस्क पुसून टाकली. इलाज होता. हा व्हायरस घाईत काम उरकण्यासाठी प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा सुमारे दीडशे केबी भाग कुलूपबंद करतो. लग्नाचा व्हिडिओ काही जीबींचा असतो, म्हणजे जवळजवळ सगळा शाबूत. त्याच कॅमेऱ्याची एखादी चांगली क्लिप नमुना म्हणून देऊन असे व्हिडिओ दुरुस्त करणारी मोफत साधने आहेत. याच व्हायरसच्या जुन्या प्रकारांसाठी एमसिसॉफ्ट कंपनीने २०१९ मध्ये मोफत डिक्रिप्टरही दिला आहे. तेव्हा असा हल्ला झाल्यास आधी नेटची वायर काढावी, पेनड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क सोडवून घ्यावी, कुलूपबंद फाइल आणि चिठ्ठी दोन्ही जशाच्या तशा दुसऱ्या डिस्कवर जपाव्यात, आणि कोणी कितीही घाई केली तरी फॉरमॅट करू देऊ नये. बॅकअप ठेवावा हे तर सगळेच सांगतात. तो सतत जोडलेल्या डिस्कवर असेल तर व्हायरस त्यालाही सोडत नाही, म्हणून काम झाले की डिस्क काढून कपाटात ठेवावी.

कायद्याची बाजूही माहीत असावी. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार चोरटे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणे हाच गुन्हा आहे. किमान सात दिवस आणि कमाल तीन वर्षे कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. ‘जाणूनबुजून’ या शब्दामुळे बिल महत्त्वाचे ठरते. सॉफ्टवेअरचे पैसे देताना बिलावर त्याचे नाव आणि लायसन्स क्रमांक लिहून घ्यावा. नुसते ‘सॉफ्टवेअरसह’ लिहिणाऱ्याला ते नेमके काय आहे हे लपवायचे असते.

सिनेमांच्या बाबतीत २०१६ हे वर्ष लक्षात राहण्यासारखे आहे. त्या एप्रिलमध्ये ‘सैराट’ आला आणि चित्रपटगृहांत गर्दी असतानाच त्याच्या चोरट्या प्रती मोबाइलमधून फिरू लागल्या. त्याच वर्षी ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केले की गुन्हा नुसत्या पाहण्यात नसून, हक्कदाराचे नुकसान होईल असे वितरण, जाहीर प्रदर्शन किंवा विक्री-भाड्यात आहे. काहींनी याचा अर्थ ‘टोरंट चालते’ असा लावला, तो चुकीचा आहे. टोरंट उतरवता उतरवताच तुकडे इतरांना देते, म्हणजे वापरणारा आपोआप वितरक होतो. शिवाय त्याचा आयपी पत्ता स्वार्ममधल्या कोणालाही दिसतो. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटाची चोरटी प्रत काढून ती पसरवणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड ठरला.

टोरंट स्वतः मात्र सरळ साधन आहे, आणि प्रामाणिकपणे वापरायला भरपूर आहे. जिम्प हे फोटो एडिटिंगचे मोफत सॉफ्टवेअर स्वतःच्या संकेतस्थळावर टोरंट देते. लिब्रेऑफिस, उबुंटू आणि डेबियनही देतात. किविक्स या प्रकल्पामुळे विकिपीडिया टोरंटने उतरवून नेटशिवाय वाचता येतो, शाळेसाठी ही मोठी सोय आहे. इंटरनेट आर्काइव्हवरील जुन्या पुस्तकांनाही टोरंटची लिंक असते. नियम एकच पाळावा: टोरंट फाइल किंवा मॅग्नेट लिंक ज्याचे सॉफ्टवेअर आहे त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. मग तपासणीच्या ठशाला खरा अर्थ येतो, कारण ठसा उमटवणारा कोण हे माहीत असते.

त्यासाठी क्यूबिटटोरंट किंवा ट्रान्समिशन घ्यावे. दोन्ही मोफत आहेत, जाहिरातींशिवाय चालतात आणि त्यांचा सोर्स कोड खुला आहे. विंडोजमध्ये फाइलचे पूर्ण नाव दिसेल अशी सोय सुरू करावी. व्हिडिओ म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ‘ईएक्सई’ किंवा ‘एससीआर’ असेल तर ती उघडू नये. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टोरंट लावताना अपलोडही रोजच्या डेटातून वजा होतो हे लक्षात ठेवून अपलोडला मर्यादा घालावी, पण ती शून्य करू नये, कारण देणाऱ्यालाच वेग मिळतो. मोबाइल नेटवर्कवर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, म्हणून बाहेरच्यांना आपल्याशी थेट जोडता येत नाही आणि सीडर असूनही वेग कमी राहतो. स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत असलेल्या ब्रॉडबँड जोडणीवर हा त्रास बराच कमी होतो. फाइल पूर्ण झाल्यावर सॉफ्टवेअर लगेच बंद न करता निदान घेतले तेवढे परत जाईपर्यंत चालू ठेवावे.