कंपायलर आणि त्यावर काम करणारा अभियंता

संगणकाला शून्य आणि एक ह्या दोनच चिन्हांनी बनलेल्या आज्ञा कळतात. मनुष्याने अशा आज्ञा लिहिणे अशक्य नाही. परंतु ते काम फार कष्टाचे असून त्यात चुका सहज होतात. ही अडचण दूर करण्यासाठी, मनुष्याला सोईच्या भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणारी दुसरी एक आज्ञावली तयार करण्यात आली. तिलाच कंपायलर म्हणतात. जॉन बॅकस व त्यांचे सहकारी ह्यांनी सिद्ध केलेला फोरट्रान भाषेचा कंपायलर १९५७ साली उपलब्ध झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला होता. पुढे १९६४ साली तेथे सी. डी. सी. ३६०० हे मोठे यंत्र आले.

कंपायलर काय करतो?

प्रथम तो अक्षरांच्या ओळीतून शब्द वेगळे करतो. नंतर व्याकरणाप्रमाणे त्यांची वाक्यरचना तपासतो आणि अर्थाची संगती पाहतो. शेवटी यंत्राच्या आज्ञा लिहितो. मधल्या टप्प्यात तो आणखी एक काम करतो: अर्थ न बदलता निरर्थक श्रम काढून टाकणे.

एक उदाहरण घेऊ. आज्ञावलीत एका ठिकाणी दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेवर 'अ' भागिले 'ब' हा भागाकार होतो. दुसरीवर होत नाही. पुढे वाटा एकत्र येतात व तोच भागाकार पुन्हा सांगितलेला असतो. पहिल्या वाटेने येणाऱ्याला तो दोनदा करावा लागतो. उपाय असा की, दुसऱ्या वाटेवरही भागाकार करून उत्तर जपून ठेवावे आणि संगमानंतरचा भागाकार गाळावा. आता कोणत्याही वाटेने गेले तरी तो एकदाच होतो. मात्र मध्ये 'अ' किंवा 'ब' ह्यांची किंमत बदलता कामा नये.

आता असे समजा की, संगमानंतरचा भागाकार 'ब शून्य नसेल तरच करावा' अशी अट मूळ आज्ञावलीत आहे. तो उचलून अटीच्या आधी नेला, तर 'ब' शून्य असताना यंत्र अडेल. आज्ञावली लिहिणाऱ्याने सावधगिरी बाळगली, आणि ती भाषांतरात नष्ट झाली! म्हणून, जी गणना पुढील प्रत्येक वाटेवर होणारच आहे, तीच अलीकडे आणावी असा नियम पाळतात.

मुंबईतील कार्य

ही पद्धती मोरेल आणि रेनव्हॉइज ह्यांनी १९७९ साली मांडली. तिच्या समीकरणांत माहिती वाटेच्या दिशेने, तसेच उलट दिशेनेही वाहते. त्यामुळे ती सोडविणे किचकट होते. पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत धनंजय धामधेरे ह्यांनी ह्या पद्धतीत सुधारणा केल्या. अशा विश्लेषणाचा सर्वसामान्य सिद्धान्त उदय खेडकर व धामधेरे ह्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केला. पुढे खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे ह्यांचा ह्याच विषयावरील ग्रंथ २००९ साली निघाला.

नवा अभियंता काय करतो?

पदवी घेऊन ह्या कामाला लागणारा तरुण सहसा नवा कंपायलर लिहीत नाही. लक्षावधी ओळींचा जुना कंपायलर वाचणे हे त्याचे पहिले काम होय. चुकीचे भाषांतर झालेली मोठी आज्ञावली त्याच्याकडे येते. तिच्यातील एकेक भाग काढून, चूक तरीही दिसते का हे तो पाहतो. अखेरीस दहा-बारा ओळी उरतात आणि दोष कोणत्या टप्प्यात आहे हे उमगते. दुरुस्तीनंतर त्या ओळी तो कायमच्या चाचणीसंग्रहात ठेवतो. तोच दोष पुन्हा शिरला तर चाचणी तो पकडते.

हे काम लोकांच्या दृष्टीस पडत नाही. परंतु सदोष कंपायलरमधून गेलेली निर्दोष आज्ञावलीही चुकीचे उत्तर देऊ शकते, आणि तिच्या लेखकाला आपली चूक कधीच सापडत नाही. कारण ती त्याची नसतेच. म्हणूनच ह्या अभियंत्याने वेगाच्या आधी अचूकतेची चिंता वाहिली पाहिजे.