शिबिराच्या ताईला आत्याचे कानमंत्र

चिमे, यंदा मे महिन्यात प्राण्यांच्या शेल्टरमधल्या मुलांच्या शिबिराची ताई तू होणार म्हणे! दहा वर्षांपूर्वी त्याच अंगणात एका पिल्लानं तुझी चप्पल पळवली होती आणि तू भोकाड पसरलं होतंस, हे तुझ्या मुलांना मी सांगणार नाही. सांगेनही कदाचित. बारा उन्हाळे मी ते शिबिर चालवलं, तेव्हा करायच्या त्या चुका करून झाल्यात. तू आपलं एवढं लक्षात ठेव.

१. आधी प्रत्येक घरी फोन कर आणि दमा, ॲलर्जी, झालेल्या लशी यांच्याबरोबर ‘कुत्र्याची भीती वाटते का’ हेही विचार — भीती लपवणारं मूल ऐनवेळी पळतं, आणि पळणाऱ्यामागे कुत्रं धावतंच.

२. कुत्र्यांजवळचं काम आठ ते दहा, मग सावलीत चित्रं काढा — कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, बिचारं धापा टाकूनच गार होतं.

३. बाहेर काढण्याआधी फरशीवर हाताची पाठ सात सेकंद टेकवून बघ — तुला सोसवलं नाही, तर पंजालाही सोसत नाही.

४. एक फाटक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि कडी बघायचं काम रोज एकाच मुलाकडे दे — ‘असेल लावली’ला कडी नसते. याच शब्दावर विसंबून मी भर उन्हात एका कुत्रीमागे दोन किलोमीटर पळाले आहे.

५. पहिल्या दिवशी कुणालाही हात लावायचा नाही, पिंजऱ्याबाहेर बाजूला तोंड करून बसायचं आणि गोष्ट वाचायची — रोखून बघत अंगावर वाकणारा माणूस कुत्र्याला धमकीच वाटतो. बसल्या माणसाकडे जनावर आपणहून येतं.

६. शेपूट हलली म्हणजे होकार नव्हे. तोंड फिरवणं, ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, हेही मुलांना ओळखायला शिकव — कुत्रं बहुधा आधी ‘नको’ म्हणतं, चावतं नंतर.

७. छातीपाशी तीन मोजेपर्यंत खाजवायचं आणि हात मागे घ्यायचा — पुन्हा जवळ आलं तर हवंय, सरकलं तर पुरे. मिठी मात्र नाही, त्याच्या लेखी ते अडकणंच.

८. जेवणारा, झोपलेला आणि पिल्लांची आई, या तिघांना लांबूनच नमस्कार — भरल्या थाळीपाशी ओळख चालत नाही.

९. पट्ट्याची दोरी मुलांनी हाताला गुंडाळायची नाही, आणि दुसरं टोक मोठ्या माणसाकडे हवं — मांजर दिसलं की कुत्रं निघतं, मूल मागोमाग फरफटतं.

१०. खाऊचे डबे ऑफिसात कुलपात ठेव — चॉकलेट, कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका हे कुत्र्याला विष. आणि मांजराच्या पिल्लांना कुणी लाडानं गाईचं दूध पाजू नये — जुलाब लागून पिल्लू हातचं जातं.

११. आधी पिल्लांकडे, मग मोठ्यांकडे, आजाऱ्यांकडे नाहीच — पार्व्होचा विषाणू चपलेला चिकटून येतो आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

१२. मांजरांच्या खोलीत फिनेल नको, डॉक्टर सांगतील तेच वापर — ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं, आणि फिनॉल त्याच्या यकृताला झेपत नाही.

१३. ‘ओरखडा दाखवला तर रागावणार नाही’ हे पहिल्याच सकाळी सांग, आणि शब्द पाळ — लपवलेला ओरखडा सर्वांत महाग. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही नाही, लगेच दवाखाना. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर इलाज हाती राहत नाही, वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते.

१४. कानाचा तुकडा कापलेलं कुत्रं बघून मुलं हळहळतील. ती नसबंदीची खूण आहे, भूल दिलेली असतानाच करतात, हे सांग — मग गल्लीतल्या कुत्र्यांचे कान ती स्वतःच तपासत फिरतील, अर्थात लांबून.

१५. घरट्यातून पडलेलं पिल्लू कुणी खोक्यातून आणलं, तर त्याच्या चोचीत पाणी ओतू देऊ नकोस — ते फुफ्फुसात जातं. धडधाकट असेल तर घरट्यात परत ठेवता येतं, माणसाचा हात लागला म्हणून पाखरं पोर टाकत नाहीत.

१६. एखादं जनावर रात्री गेलं तर ‘गावाला गेलं’ म्हणू नकोस — मी म्हटलं होतं, आणि पोरं वर्षभर गावाचं नाव विचारत होती.

१७. शेवटच्या दिवशी ‘हे घरी नेऊया’ म्हणून रडारड होईल. आईबाबांना म्हणावं, शाळा सुरू झाली की पुन्हा या — सुट्टी दीड महिन्याची, कुत्रं दहा-बारा वर्षांचं. सुट्टीतली माया शाळेच्या डब्याच्या घाईत टिकली, तर खरी.

आणि हो, तू स्वतः बंद बूट घाल. तुझी चप्पल पळवणारा तो अजून तिथंच आहे. न्यायला कुणी आलं नाही, तोंड पांढरं झालंय, उठताना कण्हतो. पण पायातलं काही दिसलं की अजून उठतो.

— आत्या