मनातले वाक्य

अवघड उदाहरण समोर आले, की एक विद्यार्थी मनात म्हणतो, "हे मला जमणार नाही." दुसरा म्हणतो, "करून पाहू." दोघांचे पुस्तक एकच, शिक्षकही एकच. तरी दोघांचा अभ्यास वेगळा होतो. असे का?

"जमणार नाही" असे मानणारा लगेच वही मिटतो. सराव कमी होतो, म्हणून गुण कमी पडतात. मग तो म्हणतो, "पाहा, मला येतच नाही!" अशा रीतीने मनातले वाक्य तो स्वतःच खरे करतो.

अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या विषयावर महत्त्वाचे विचार मांडले. 'हे काम मी करू शकेन' हा विश्वास सर्वांत जास्त स्वतः मिळवलेल्या यशातून वाढतो. आपल्यासारख्याच एखाद्या मुलाला ते काम करताना पाहूनही तो वाढतो.

आता आपल्या मराठीचेच पाहू. काही मुले म्हणतात, "मराठी आम्हांला येत नाही." हे खरे आहे का? तारीख, अर्ज, वकील, जमीन, दुकान हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. मग अडते कुठे? उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. म्हणून 'चांगले पुस्तक' ऐवजी 'चांगली पुस्तक' असे लिहिले जाते. "मराठी येत नाही" असे म्हटले, तर काय करावे ते कळत नाही. "नपुंसकलिंग चुकते" असे म्हटले, तर आज संध्याकाळीच दहा शब्दांचा सराव करता येतो.

नांदेड आणि लातूर हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून दिले जाई. घरी मराठी बोलणारी इथली मुले उर्दू शिकली आणि तिच्यातून इतर विषयही शिकली. त्यांना जे जमले, ते आपल्याला का जमू नये?

मात्र नुसता विश्वास पुरत नाही. "मला सगळे येते" हे वाक्यही फसवते. धडा तीनदा वाचला, की तो पाठ झाला असे वाटते. पुस्तक मिटून पाच वाक्ये लिहा, म्हणजे खरे काय ते कळेल. लातूर शहर अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'मुळे राज्यभर प्रसिद्ध झाले. त्यातही वारंवार सराव परीक्षा देणे आणि चुका शोधून तो भाग पुन्हा करणे यावर भर असतो.

मुलांनो, रोज अभ्यासाला बसताना ठरवा, "आज मी काय शिकणार?" उठताना विचारा, "काय आले? काय राहिले?" जे राहिले ते वहीत लिहून ठेवा आणि उद्या त्यापासूनच सुरुवात करा. आपला अभ्यास आपल्या हाती घेणे ते हेच.

शब्दार्थ
सराव - मश्क
विश्वास - यकीन, भरोसा
वारंवार - बार बार

स्वाध्याय
१. मनातले वाक्य विद्यार्थी स्वतःच कसे खरे करतो?
२. "मराठी येत नाही" यापेक्षा "नपुंसकलिंग चुकते" हे वाक्य उपयोगी का आहे?
३. तुम्हांला अवघड वाटणारा एक विषय घ्या. त्यात नेमके काय चुकते, ते तीन वाक्यांत लिहा.